उठा म्हणेपर्यंत

मी कान तपासते. डॉक्टर नाही मी. डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात, आणि ज्यांचं दुखणं त्यांना कळत नाही त्यांना वर माझ्याकडे पाठवतात. माझ्या खोलीच्या आत काचेची आणखी एक छोटी खोली आहे, बाहेरचा आवाज आत जाऊ नये अशी. माणसाला तिच्यात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "टीं असा आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला, आला की नाही अशी शंका वाटली, तरी दाबा." हे मी दिवसातून पंधरा-वीस वेळा म्हणते आणि गेली एकोणीस वर्षं म्हणतेय.

बाबा गेल्यावर आठव्या दिवशी मी कामावर गेले आणि पहिल्याच आजोबांना हेच सांगितलं. आवाज कापला नाही, काही नाही. आजोबांनी बटण दाबलं, मी आलेख काढला, पुढच्या माणसाला बोलावलं. दुपारी डबा खाल्ला. कशाचीच चव लागली नाही, पण डबा संपवला. पुढे पाच महिने तसंच चाललं. शेवटी शेवटी एकदा गरम तव्याला हात लागला आणि फोड आलेला मला संध्याकाळी दिसला. माझी मावशी दर फोनला म्हणायची, "एकदा रडून घे गं, मोकळी होशील." जसा काही नळच आहे, सोडला की झालं. मला दुःख झालंय की नाही हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. त्या काचेच्या खोलीत मीच बसलेय आणि बाहेरून कुणीतरी काहीतरी विचारतंय, असं वाटायचं. एवढंच.

आता बाबांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. पस्तीस वर्षं उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोल्यांत काढली त्यांनी. तिथेच त्यांच्या जोडीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून ते योग शिकले. जेवणाच्या सुट्टीत तो म्हातारा मशीनशेजारी सतरंजी टाकून डोळे मिटून बसायचा. बाबांनी आधी त्याची टिंगल केली, मग एक दिवस शेजारी बसले, आणि बसले ते बसलेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी टाइल्सच्या दुकानावरचा हॉल घेतला आणि रोज सकाळी सहा ते सात असा वर्ग सुरू केला. बारा-चौदा माणसं यायची. सगळे त्यांना सर म्हणायचे. ग्रीस न गेलेल्या नखांचे सर.

या वर्गात येणाऱ्याची पहिल्या दिवशी निराशा ठरलेली. माणसं यायची पाठदुखीसाठी, पोट कमी करायला, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. बाबा त्यांना तासभर नुसतं बसवायचे. "हात-पाय वाकवणं फार नंतर आलं," ते म्हणायचे. "आधी नुसतं बसणंच होतं. कधीतरी कुठेतरी कुणीतरी पहिल्यांदा गप्प बसलं, आणि त्याच्या लक्षात आलं, अरे, श्वास तर आपला आपण चाललाय, मी काहीच करत नाहीये. तिथून योग सुरू झाला. बाकीची आसनं त्या माणसाचे गुडघे दुखू नयेत म्हणून."

मग ते गोष्ट सांगायचे. शंकर समुद्रकाठी बसून पार्वतीला योगाचं गुपित सांगत होते. दुसरं कुणी ऐकू नये म्हणून एवढ्या लांब आले होते. शंकर सांगत होते आणि मधूनमधून "हं" असा हुंकार येत होता, म्हणून ते पुढे पुढे सांगत राहिले. शेवटी वळून पाहतात तर पार्वती केव्हाच झोपलेली. मग हुंकार कोण देत होतं? तर पाण्यातला एक मासा, आणि त्याच्या पोटातलं मूल. त्या मुलानं सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्याकडून योग माणसांपर्यंत आला. "जिला सांगायचं होतं तिच्याकडून नाही," बाबा बोट वर करून म्हणायचे, "जो गुपचूप पडून ऐकत होता त्याच्याकडून."

आई ही गोष्ट घरी ऐकून ऐकून कंटाळली होती. ती हॉलवर कधीच गेली नाही. "पार्वतीचं काय चुकलं त्यात?" ती म्हणायची. "दिवसभर राबल्यावर कुणी समुद्राच्या वाऱ्यात बसवून भाषण ऐकवलं तर मीसुद्धा झोपेन. खापर मात्र तिच्या डोक्यावर!"

"अगं, खापर नाही गं," बाबा म्हणायचे, आणि विषय तिथेच राहायचा.

वर्गाचा शेवट शवासनानं व्हायचा. उताणं पडायचं, डोळे मिटायचे, मेल्यासारखं सगळं सोडून द्यायचं. दहा मिनिटं. बाबांच्या मते पहिली पन्नास मिनिटं म्हणजे पाट-पाणी, जेवण हे. "योग म्हणजे जोडणं, असं सगळे सांगतात," ते म्हणायचे. "बरोबरच आहे. पण ज्याच्या दोन्ही मुठी आवळलेल्या आहेत त्याला जोडणार कशाला? लिफ्टचा ब्रेक असतो ना, तो मुळात धरलेलाच असतो. वीज आली की सुटतो, वीज गेली की परत धरतो. माणसाचं तसंच आहे. घाबरला की धरतो. मरताना सोडायचंच आहे सगळं, मग रोज दहा मिनिटं सवय करायला काय जातं?"

आणि सगळे पडले की बाबा अनवाणी पायांनी रांगांमधून फिरायचे. एकेकाचं मनगट धरून हात वीतभर उचलायचे आणि सोडून द्यायचे. हात धप्प खाली पडला तर त्या माणसानं खरंच सोडलंय. हात हवेतच राहिला, किंवा हळूच सावरून खाली आला, तर तो अजून धरून बसलाय. सगळ्यांचे हात झाले की बाबा आपल्या सतरंजीवर जाऊन पडायचे, आणि वेळ झाली की पडल्या पडल्याच म्हणायचे, "उठा." त्यांनी उठा म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा एकच कडक नियम. शेजारी कुणी खोकलं, रडलं, काहीही केलं तरी डोळे उघडायचे नाहीत. "ज्याचं त्याला करू द्या." घोरलेलं मात्र चालायचं नाही. झोपणं म्हणजे सोडणं नव्हे, असं ते चिडून सांगायचे.

माझा हात अठरा वर्षं हवेत राहिला. बाबा सोडायचे आणि तो तिथेच, दांडीवर वाळत घातल्यासारखा. "तुझा हात खोटं बोलतो," ते कानाशी पुटपुटायचे. बाकीचे ऐकायचे आणि पडल्या जागी हसायचे. मी आईबाबांकडेच राहते, माझं लग्न का टिकलं नाही ते या गोष्टीत येत नाही, पण लग्न मोडलं त्या वर्षीसुद्धा रोज सकाळी मी तिथे पडायचे आणि माझा हात खोटं बोलायचा.

त्या दिवशी तो पडला.

बाबांनी उचलला, सोडला, आणि धप्प. मला आधी कळलंच नाही की तो आवाज माझ्या हाताचा आहे. बाबा क्षणभर थांबले. मग "हं" म्हणाले आणि पुढे गेले. मी रांगेत शेवटची होते. त्यांची पावलं सतरंजीकडे गेली, ते आडवे झाले, गुडघा कट्कन वाजला. मी पडून होते आणि माझं अंग माझं राहिलं नव्हतं. श्वास आपला आपण चालला होता. बाबा ज्याच्याबद्दल आयुष्यभर बोलले ते हेच, असं मला वाटलं. ते हलू नये म्हणून मी विचारसुद्धा जपून करत होते.

मग घोरण्याचा आवाज आला. एक लांब, खरखरीत. थोड्या वेळानं दुसरा.

तो बाबांच्या दिशेनं आला होता. मला हसू आलं. कारण आमच्या घरात चाळीस वर्षं एक भांडण चालू होतं. आई म्हणायची, तुम्ही घोरता. बाबा म्हणायचे, अशक्य आहे, मी शवासनात असतो. माझी खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मला साक्षीला बोलावलं की मी म्हणायचे, मला नाही बाई काही ऐकू आलं. आणि आता सगळ्या वर्गासमोर सर घोरत होते! आज चहाला बाबांची फिरकी घ्यायची, असं मी ठरवलं, आणि पडून राहिले. डोळे उघडले असते तर मिळालेलं सगळं गेलं असतं.

मग शांतता झाली. ती फार छान होती. हे मी पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या शांततेतली वीस-पंचवीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती. आज सर जास्त वेळ देताहेत, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. सगळे पडून राहिले. सव्वासातला खालच्या टाइल्सच्या दुकानाचं शटर धडधडत वर गेलं, ते रोज आम्ही रस्त्यावर असताना ऐकतो, तेव्हा दातांची डॉक्टर उठून बसली.

ती वर्गातली सगळ्यात लहान, गेल्याच वर्षी दवाखाना टाकलेली. तिनंच बाबांची छाती दाबली. फार वेळ दाबली. पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थांबलं होतं. ते घोरणं झोपेचं होतं की शेवटचं, हे मी त्यांना विचारलंच नाही. एवढंच विचारलं, लगेच कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला ते वाक्य पाठ आहे, त्यांचा स्वरही.

आईनं फक्त एक विचारलं. "काही बोलले का?"

"नाही," मी म्हणाले. "शांतपणे गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर पाच महिन्यांत तिनं तोच प्रश्न आणखी तीनदा विचारला. भाजी निवडताना, इस्त्री करताना, एकदा जिन्यात. "काहीच आवाज नाही?" मी दर वेळी नाही म्हटलं.

एकोणीस वर्षं लोकांना सांगतेय, शंका आली तरी बटण दाबा.

वर्ग मी चालू ठेवला. लोकांनी आग्रह केला, आणि नाही म्हणायला जेवढं काही वाटावं लागतं तेवढंही मला वाटत नव्हतं. सहा ते सात वर्ग, नऊला काम. आसनं घ्यायचे, बसवायचे, तीन श्वास, आणि सुट्टी. शवासन घेत नव्हते. आठवडाभर कुणी बोललं नाही. मग शिवणकाम करणाऱ्या मावशी, या बाबांच्या पहिल्या वर्गापासूनच्या, म्हणाल्या, "ताई, पानावर बसवता, पाणी फिरवता आणि हात धुवा म्हणता. जेवायचं कधी?"

"पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणाले. असे वीस आठवडे गेले. दोघं-तिघं यायचे बंद झाले. मी कुणाला विचारलं नाही.

आणि मग काका. बाबांचा धाकटा भाऊ. जिवंतपणी तो बाबांच्या वर्गाला 'लोळण्याचा क्लास' म्हणायचा. बाबा गेले, आणि कुठून कोण जाणे, त्याला साक्षात्कार झाला. "माझा दादा योगी होता. शवासनात देह ठेवला. ही समाधी आहे समाधी! किती जणांच्या नशिबी असतं?" भेटायला येणारा प्रत्येक जण मान डोलवायचा. मीही डोलवली. एकदा डोलवली की मग काय, मान डोलवण्यावाचून गत्यंतर नसतं. काकानं काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून आणली. त्यावर कोरलं होतं की या स्थानी योगसाधनेत लीन असता हे समाधिस्थ झाले. रविवारी वर्गानंतर ती हॉलमध्ये बसवायची, सगळ्यांना बोलवायचं, आणि मी चार शब्द बोलायचे. "शेवटच्या क्षणाची साक्षीदार तूच," काका म्हणाला. "कशी शांतता पसरली होती, ते सांग. आणि वर्ग पुरा घे हं. शवासनासकट. त्याशिवाय शोभा नाही."

आई म्हणाली, "मीही येईन."

तिला नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, तेच सांगायचं नव्हतं. आजवर जे मी फक्त आईला सांगितलं होतं ते आता दगडात कोरून तिच्यासमोर वाचायचं होतं. शनिवारी मी चार शब्द कागदावर लिहून काढले. 'प्रसन्न', 'निःशब्द', 'अलगद' असे शब्द होते. वाचून पाहिले. दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांबद्दल लिहिल्यासारखे वाटले.

रविवारी सहाला आई आली. पस्तीस पायऱ्या चढून, दोनदा थांबत. दाराशी खुर्ची ठेवली तिला. मांडीवर पर्स घेऊन बसली, बँकेत नंबर यायची वाट बघतात तशी, आणि हॉल बघू लागली. खिडक्या, पंखा, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली बाबांची सतरंजी. काका पाटीवरची धूळ रुमालानं पुसत उभा होता.

मी वर्ग घेतला. शेवटी म्हणाले, "शवासन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग एकेक जण आडवा झाला. मी म्हणाले, डोळे मिटा, पाय सैल सोडा, कंबर सोडा, जबडा सोडा. माझा आवाज कामावर असतो तसाच येत होता. हात उचलून पाहायला मी गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. खिशात कागद होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

आणि कुणीतरी घोरलं. लांब, खरखरीत.

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे मास्तर होते, जाडजूड गृहस्थ, तोंड उघडं. मी त्यांच्या शर्टाला धरून हलवायला वाकले, तर तिथे आधीच एक हात होता. दातांच्या डॉक्टरची दोन बोटं त्यांच्या मानेवर होती. शिवणवाल्या मावशी पलीकडून गुडघ्यांवर रांगत आल्या होत्या. मी मान वर केली. सगळे उठले होते. सगळा वर्ग. कुणी बसलेलं, कुणी उभं, कुणी दोन ढांगा टाकून मध्येच थांबलेलं. मास्तर सोडले तर एकही माणूस पडून राहिलेला नव्हता.

मास्तरांनी डोळे उघडले. वर सात-आठ चेहरे. "काय झालं?" ते म्हणाले. "मेलो की काय मी?"

कुणी हसलं नाही. हे मास्तर बाबा गेले त्या दिवशी वर्गात नव्हते. शिकाऊंना लायसन्सच्या परीक्षेला घेऊन गेले होते. त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं, म्हणून त्यांना झोप लागू शकली.

बाकीचे एकमेकांकडे बघत होते. बघता बघता सगळ्यांच्या लक्षात येत गेलं, ते मला दिसत होतं.

"मी ऐकलं होतं," दातांची डॉक्टर म्हणाली. तिची बोटं अजून मास्तरांच्या मानेवरच होती. "मला कळायला हवं होतं. मला वाटलं सरांना डोळा लागला. उठवलं तर त्यांना ओशाळं होईल."

"मलाही तेच," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, मेलं आपण कोण सरांना उठवणार?" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मागून आणखी कुणी काहीतरी म्हणालं. कुणी नुसती मान हलवली. पाच महिने हे सगळे रोज माझ्यासमोर बसत होते आणि प्रत्येक जण मूग गिळून होता, आणि मी समजत होते की मी एकटीच आहे.

"काय ऐकलं?" दारातून आई म्हणाली.

ती खुर्चीतून उठली होती. काका पाटी हातात धरून पुढे झाला. "काही नाही गं वहिनी, तू बस, जरा गोंधळ..."

"तुला नाही विचारलं," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. "काय ऐकलं?"

मी खिशातला कागद काढला नाही.

"आई, बाबा घोरले," मी म्हणाले. "शवासनात. दोनदा. मला स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं झोप लागली. मला बरं वाटत होतं म्हणून मी डोळे उघडले नाहीत. तू विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं. पंचवीस मिनिटं मी इथे, या जागी पडून होते आणि मला फार सुख वाटत होतं."

काका म्हणाला, "छे! काहीतरीच. योगी माणसं घोरत नसतात."

"तुझा दादा घोरायचा," आई म्हणाली.

ती आली. मास्तरांना ओलांडून, पर्स काखेत धरून, माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ती मारेल. मारलं असतं तर चाललं असतं.

"दोनदाच?"

"दोनदाच."

"चाळीस वर्षं मी सांगत होते ह्यांना," ती म्हणाली. "एक साक्षीदार मिळाला नाही मला. सख्खी मुलगी कानांची तपासणी करते, तिला म्हणे ऐकू येत नाही." तिनं पर्स दुसऱ्या काखेत घेतली. "आता एवढे सगळे साक्षीदार आहेत, आणि भांडायला माणूस नाही."

"आई, मी उठले असते तर..."

"मी तरी कुठे उठवलं असतं?" ती म्हणाली. "मी त्या आवाजाशेजारी चाळीस वर्षं झोपले. पहिल्या वर्षी उठवायची. उठवलं की म्हणायचे, मी कुठे झोपलो होतो? मग सोडून दिलं. त्या दिवशी मी इथे असते ना, तर कूस बदलून झोपले असते. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं की शेवटी हे नेहमीसारखे होते की नाही. समाधी-बिमाधी मला नको होती." मग ती काकाकडे वळून म्हणाली, "ती पाटी घरी ने. ओट्याला लाव."

काकानं पाटी भिंतीला टेकवून ठेवली, उलटी.

आईनं कोपऱ्यातली बाबांची सतरंजी उचलली, उलगडली आणि जमिनीवर टाकली. त्यासाठी तिला दोनदा वाकावं लागलं. मग हळूहळू, एका हातानं भिंत धरून, खाली बसली आणि उताणी पडली. पर्स पोटावर. "काय करायचं असतं?" तिनं छताकडे बघत विचारलं. "सांग मला. मी झोपले तर झोपू दे."

सगळे आपापल्या जागी पडले. मास्तरसुद्धा, बिचारे, ओशाळे होऊन. मी म्हणाले, डोळे मिटा. पाय सोडा. कंबर सोडा. जबडा म्हणताना माझा आवाज जरा घसरला. मग मी अनवाणी पायांनी रांगांमधून गेले. बाबा करायचे तसं एकेकाचं मनगट उचललं आणि सोडलं. डॉक्टरचा हात हवेत राहिला. मावशींचा पडला. शेवटी आईपाशी आले, पर्सवरचा तिचा हात उचलला. हलका होता. मनगटावर बांगडीचा जुना वळ होता. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसून राहिले. हात काही पडेना.

"आई, सोड," मी म्हणाले.

"मी कधीच सोडलाय," डोळे न उघडता ती म्हणाली. "धरलायस तू."

मी पाहिलं. माझी पाचही बोटं तिच्या मनगटाभोवती होती, नखं पांढरी पडलेली. तव्याचा फोड तिच्या मनगटाला घासत होता आणि तो दुखत होता. खूप दुखत होता. मला ते दुखणं कळलं, आणि मग बाकीचंही सगळं कळायला लागलं, एकदम, थांबवता येईना. मी तिच्या पर्सवर डोकं ठेवून रडले. मोठ्यानं, मुलं रडतात तशी. बाबा नाहीत हे मला त्या रविवारी सकाळी सात वाजता कळलं.

आई थोड्या थोड्या वेळानं "हं" म्हणत होती.

सात वाजून गेले असावेत. मला उठा म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. खाली शटर अजून उघडलं नव्हतं. मग मागे सतरंजी सरकल्याचा आवाज आला. दातांची डॉक्टर उठून बसली होती. मग मावशी उठल्या, मग मास्तर, मग एकेक करत बाकीचे. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुणी आईला बसतं केलं.

मी उठा म्हटलं नव्हतं. कुणी वाट पाहिली नाही.